आल्फोन्सचा फुटलेला सूर

जरा जवळ सरकून बसा. आमच्या लिंझच्या आल्फोन्स प्लांकची गोष्ट सांगते. मोठ्या आवाजात सांगवत नाही ती.

आल्फोन्सने तीस वर्षं वाद्यवृंदात हॉर्न वाजवला, म्हणजे ते गोल वळवलेलं पितळी शिंग. मोठं खोडकर वाद्य. देवाचं नाव घेऊन फुंकलं तरी सूर फुटायचा तेव्हा फुटतोच, मधेच चिरकतो. गेल्या मार्चमध्ये तो देवाघरी गेला. वादक गेला की आमच्याकडे त्याचे सोबती अंत्यविधीला चर्चमध्ये वाजवतात. पण वाद्यवृंद नेमका दौऱ्यावर होता. म्हणून त्याच्या लाडक्या सिम्फनीचं रेकॉर्डिंग लावायचं ठरलं. तिच्या संथ भागात हॉर्न एकटाच गातो. रेकॉर्डिंग कोणतं, ते त्याच्या बायकोने, वालबुर्गाने सांगायचं होतं.

त्या सिम्फनीची त्यांच्या वाद्यवृंदाची तबकडी तर साऱ्या गावाला ठाऊक. तिच्यावर आल्फोन्सचं नाव छापलेलं. त्या एवढ्याशा तुकड्यासाठी लोक त्याला रस्त्यात थांबवून त्याचा हात हातात घ्यायचे, आणि तो टोपी उचलून आभार मानायचा. घरात मात्र त्याने ती कधी लावू दिली नाही. वालबुर्गाला वाटायचं, लाजतो बिचारा.

शुक्रवारी दुपारी गेब्हार्ड तिच्याकडे आला. वाद्यवृंदात आल्फोन्सच्या शेजारी बसून आयुष्यभर हॉर्न वाजवलेला, आता निवृत्त. हातात ती तबकडी आणि रेडिओची एक जुनी फीत. तिने कॉफी ओतली. मग त्याने सांगितलं, की ज्या कार्यक्रमात ही तबकडी आणि फीत रेकॉर्ड झाली, त्यात आल्फोन्सचा तिसरा सूर फुटला होता. वालबुर्गा तेव्हा आईच्या आजारपणात माहेरी होती. तबकडीसाठी तेवढा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवून जोडायचा होता. पण आल्फोन्स आलाच नाही, आणि त्याच्या खुर्चीत गेब्हार्ड बसला. रेडिओच्या फितीत मात्र सगळं जसंच्या तसं राहिलं.

"म्हणजे लोक इतकी वर्षं..."

"माझ्या फुंकरीसाठी त्याचं कौतुक करत होते. मी चिडवायचो त्याला, माझ्या वाटणीची बिअर पाज म्हणून. एकदा तो रडला. मग नाही चिडवलं."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"म्हणायचा, एका माणसाच्या कानात तरी माझा सूर अख्खा राहू दे. उद्या तबकडीच लाव, वालबुर्गा. अब्रू राहील त्याची."

तिने आधी फीत लावायला सांगितली. हॉर्न सुरू होण्याआधी एक श्वास ऐकू आला, किंचित अडकलेला. जिना चढण्याआधी आल्फोन्स रोज असाच श्वास घ्यायचा. मग तिसरा सूर फुटला, आणि पुढचे सगळे खाली मान घालून नीट चालत गेले. तिने पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले, आणि कितीतरी वेळ पुसतच राहिली.

शनिवारी चर्चमध्ये तो सूर फुटला तेव्हा माना वळल्या. बाहेर पडताना बेकरीवाली रोझविता तिच्या कानाशी लागली, चुकीचं लागलं वाटतं गं.

"नाही," वालबुर्गा म्हणाली. "यातच तो आहे."

मागे गेब्हार्ड उभा होता, टोपी छातीशी धरून.

कधी कुठे हॉर्नचा सूर फुटलेला ऐकलात, तर हसू नका. तेवढ्यापुरती आल्फोन्सची आठवण काढा, एवढंच मागणं आहे.