शेवटच्या शब्दाचा दम

या, जरा जवळ सरका, माझा आवाज आता लांब पोचत नाही. एक गोष्ट सांगते. ऐकून खोटी वाटली तर खुशाल मला नावं ठेवा, पण मी तिथे तिसऱ्या रांगेत बसले होते.

आमच्या सभागृहात दर आठवड्याला एक गृहस्थ गाऊन प्रवचन सांगत. सगळे त्यांना दादा म्हणत. बोलता बोलता कधी गायला लागत ते कळायचंही नाही. शेवटी नेहमी एकच ओळ: देवाच्या दयेला अंत नाही. त्यातला ‘नाही’ ते एका दमात एवढा लांबवत की समोरच्यांचेही श्वास अडकायचे. त्या एका शब्दासाठी माणसं लांबून येत.

त्यांचा धाकटा भाऊही गाणाराच, पण पोटासाठी. साबणाच्या जाहिरातीत गा, बड्या गायकांच्या मागे कोरसमध्ये उभा राहा, पोरांच्या कार्यक्रमात कावळा हो. घरात त्याला कावळाच म्हणत. दादा चिडवायचे, की आमच्या घरात एक देवाला आळवतो आणि एक काव काव करतो. यावर धाकटा म्हणायचा, माझी पोरं निदान शेवटपर्यंत जागी असतात.

मग दादांना छातीचं दुखणं झालं आणि एक फुफ्फुस कायमचं गेलं. बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा प्रवचनाला उभं राहायचं ठरवलं, पण बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सांगून ठेवलं, ‘नाही’ मध्येच तुटला तर त्याच दिवशी मंच सोडायचा. वहिनी घाबरल्या. मंच सुटला तर हा माणूस अंथरूण धरेल, असं मला म्हणाल्या आणि त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं.

धाकट्याने सरळ सांगितलं, की मी मागे बसतो, दम सरला की शब्द मी उचलतो. कोरसमध्ये असंच चालतं. शेजारचा श्वास घेतो तेव्हा आपण घ्यायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, इथे कुणी श्वासच घेत नाही. दादा उसळले.

“देवापुढे भाड्याचा दम नको.”

“दादा,” धाकटा म्हणाला, “तुझा तरी दम स्वतःचा कुठे आहे?”

तरी दादा हो काही म्हणाले नाहीत.

त्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवचन छान रंगलं. शेवटची ओळ आली. दादांनी ‘नाही’ उचलला, तो थोडा पुढे गेला, कापला, बारीक झाला आणि थांबला. दादांनी चष्मा काढला. आता हे मंच सोडून उठणार, हे वहिनींनी ओळखलं आणि डोळे मिटले.

इतक्यात आमच्या मागच्या रांगांतून कुणीतरी तो शब्द धरला. मग आम्ही सगळ्यांनीच. इतकी वर्षं ऐकून तो आमच्याही तोंडात बसला होता. पण आम्ही पडलो अडाणी. सगळ्यांचा दम एकदमच संपला आणि शब्दाला भलंमोठं भोक पडलं. पुन्हा धरला, पुन्हा तेच.

तेव्हा धाकटा पहिल्या रांगेतून उठून मंचाच्या कडेला आला. पसरलेला तळवा म्हणजे धरून ठेवा, चिमूट म्हणजे आता श्वास घ्या. एका रांगेला तळवा, दुसरीला चिमूट. माझ्याकडे चिमूट आली, मी तोंड मिटलं, आणि शब्द माझ्यावाचून चालूच राहिला. पुन्हा शिरले तर वाहत्या पाण्यात पाय टाकावा तसं झालं. तो कुठून येतोय ते कळेना. खिडक्यांच्या काचा बारीक गुणगुणत होत्या. कितीतरी वेळ झाला, तुटायचं नावच नाही. देवा, अंत नाही म्हणजे काय ते मला त्या दिवशी कानांनी कळलं.

दादा खुर्चीत बसून ऐकत होते. हा शब्द समोरून कसा ऐकू येतो, ते त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. धाकट्याने त्यांच्याकडे पाहून चिमूट केली. दादांनी सगळ्यांदेखत खोल श्वास घेतला आणि ते आमच्यात मिसळले. मग धाकट्याने मूठ मिटली आणि शब्द थांबला.

दादांनी चष्मा पुन्हा चढवला.

“पुढच्या आठवड्यात जरा लवकर या,” ते म्हणाले. “श्वास कुठे घ्यायचा ते हा शिकवेल.”

त्यानंतर बरीच वर्षं ती ओळ आम्ही सगळे मिळून म्हणत होतो. आता दोघे भाऊ नाहीत. दादांची आठवण पुष्कळजण काढतात. तुम्ही धाकट्याची काढा.