बापाचं धुराडं, लेकीचा गजर

आमची नीवेस एक गोष्ट दोनदा सांगत नाही. फोनवर म्हणाली, "आई, मी रविवारी वर येते. विषारी वायू ओळखणारं यंत्र घेऊन येते. ते किंचाळलं, तर तू नि बाबा सामान बांधून माझ्याबरोबर खाली उदिने शहरात यायचं, कायमचं. नाही किंचाळलं, तर राहा तुमच्या डोंगरात." आणि फोन ठेवला. बापावर गेलीय कार्टी.

ओनोरिनोच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, खुब्यात डॉक्टरांनी लोखंड घातलं तेव्हापासून त्याला कुऱ्हाड मना आहे. ऐकेल तर शपथ! गेल्या हिवाळ्यात लपूनछपून लाकडं फोडायला गेला आणि बर्फावर असा आपटला की अंगणातून चौघांनी उचलून आणला. मग बापलेकीत तह झाला. लाकडाची शेगडी जाणार, पेलेटची येणार. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या, अगदी कोंबड्यांच्या खाण्यासारख्या. शेगडीच्या डोक्यात ओतायच्या आणि बटण दाबायचं. अट एकच, धूर घरात कणभरही यायचा नाही.

मला खाली जायचं नव्हतं, उघड सांगते. नीवेसचं घर पाचव्या मजल्यावर. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. माझा कोबी इथं, माझ्या कोंबड्या इथं, माझी आई चर्चमागच्या मातीत इथं. तिथं जाऊन काय करू, लिफ्टशी गप्पा मारू?

परवानेवाल्या कारागिरानं शेगडी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. धुरासाठी छतापर्यंत वाट केली, आणि बाहेरची हवा आत यायला खाली भिंतीत मुठीएवढं भोक पाडून त्याला जाळी लावली. "हे कधी बुजवू नका हं," एवढं म्हणाला आणि पाइप जमिनीवर टाकून निघाला. म्हणे, मंगळवारी येऊन जोडतो नि सही देतो.

"मंगळवारी?" ओनोरिनो ओरडला. "माझ्या मानेवर रविवारी सुरी आहे, आणि हा मंगळवारी येतोय! आम्ही जोडतो. तू फक्त तपास."

'आम्ही' म्हणजे तो आणि त्याचा धाकटा भाऊ गेलिंदो. एक स्वित्झर्लंडमध्ये गवंडी होता, दुसरा बेल्जियमच्या खाणीत. परदेशात राहून आलेल्या पुरुषाला जगातलं सगळं येतं, फक्त स्वतःचं ताट उचलता येत नाही.

भांडण पहिल्याच जोडाला लागलं.

"वरच्या पाइपाचं बारीक तोंड खालच्या पाइपात घाल," गेलिंदो म्हणाला. "म्हणजे धुराचं काळं पाणी आतल्या आत खाली उतरतं."

"अरे शहाण्या, आणि धूर? तो फटीतून बाहेर नाही का येणार? बाबांनी आयुष्यभर उलटंच लावलं!"

"बाबांची शेगडी लाकडाची होती. तिचा धूर आपल्या पायानं वर जायचा. हिच्यात पंखा आहे, धूर मागून ढकलतो. फट दिसली की घुसलाच. म्हणून तर रबराची रिंग दिलीय ना प्रत्येक जोडाला!"

गेलिंदोचं बरोबर होतं. ओनोरिनोनं ते मान्य केलं नाही, पण पाइप फिरवला. आमच्याकडं मान्य करण्याची हीच रीत आहे.

आता त्या रिंगा इतक्या घट्ट, की पाइप आत सरकेना. कागदावर चित्र काढून दाखवलेलं, साबणाचं पाणी लावा. ओनोरिनो गेला आणि कोठीतून डुकराची चरबी घेऊन आला. आमच्याकडं बिजागरी करकरली तरी चरबी, बूट भेगाळले तरी चरबी, छाती भरली तरी चरबी. पाइप लोण्यासारखे सरकले. भाऊ एकमेकांच्या पाठीवर थापा मारून ग्राप्पा, आमची द्राक्षांची कडक दारू, प्यायला बसले. शेगडी पेटवली, आणि थोड्याच वेळात घरभर असा वास सुटला की शेजाऱ्यांचा कुत्रा येऊन दारात बसला.

गेलिंदो हुंगत म्हणाला, "वहिनी, कशाला एवढा घाट घातलास? साधं काही चाललं असतं."

"मी काही शिजवत नाहीये, मेल्या! तुमचं धुराडं शिजतंय!"

सगळं थंड करून, खोलून, एकेक रिंग मी साबणानं धुतली. परत जोडलं. मग ओनोरिनोच्या दाढीच्या ब्रशनं प्रत्येक जोडावर फेस फासला आणि म्हटलं, आता लावा पंखा. सगळे जोड गप्प. पण वरच्या कोपऱ्याला, जिथं पाइप वळतो, तिथं एक फुगा आला, फुटला, दुसरा आला.

"ओनोरिनो, इथली रिंग कुठाय?"

"बसत नव्हती. एकानं काय होतंय?"

"खिशातून काढ."

त्यानं निमूट काढली. ती बसवल्यावर फुगा आला नाही. मी ब्रश परत त्याच्या साबणाच्या वाटीत ठेवला. ओनोरिनो रात्रभर माझ्याशी बोलला नाही. मला शांत झोप लागली.

रविवारी नीवेस आली. गालाला गाल लावला आणि कोट काढायच्या आधी यंत्र फळीवर ठेवलं. शेगडी मजेत जळत होती. मी पलीकडं जुन्या लोखंडी चुलीवर पोलेंटा घोटत होते. मक्याचं पीठ बटणावर शिजत नाही, ही एक चूल मी तहातून वाचवली होती. ओनोरिनो गेलिंदोशेजारी छाती काढून बसला. "बघ, बाळ. काचेच्या पेल्यातलं पाणी तरी सांडेल, पण बापाच्या पाइपातून..."

यंत्र किंचाळलं.

असलं किंचाळलं की माझ्या हातातलं घोटणं पडलं. नीवेसनं खिडक्या उघडल्या. ती पांढरीफटक पडली होती. "आई, बॅग काढ."

"तुझा कोपरा!" ओनोरिनो भावावर धावला.

"माझा? रिंग कुणी खिशात घातली होती?"

ओनोरिनो पाना घेऊन स्टुलावर चढायला लागला, खुबा विसरून. पण पाय उचलेना. तो तसाच उभा राहिला, स्टुलाला धरून. "डेल्फिना," तो इतकंच म्हणाला, "मी तिथं मरेन गं." त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आणि तेवढ्यात माझं लक्ष माझ्या चुलीकडं गेलं. तिच्या झाकणांच्या कडेनं मघापासून बारीक धूर येत होता, तो खिडकी उघडल्याबरोबर परत आत ओढला गेला. मी खिडकी लोटली, धूर बाहेर. उघडली, आत. अगं बाई! पाइप नव्हे, माझी चूल उलटा श्वास घेत होती. नव्या शेगडीला हवा हवी, ती दुसरीकडून कुठूनच मिळेना, म्हणून ती माझ्या चुलीच्या धुराड्यातून ओढत होती.

मी सरळ त्या भिंतीतल्या भोकाशी गेले, जाळी काढली, आत हात घातला. हाताला लोकर लागली. ओढला तर मोजा. टाच मी स्वतः रफू केलेली.

"हा कुणाचा?"

ओनोरिनो छताकडं बघायला लागला. "गार वारा येत होता. जन्मभर मी या घराच्या फटी बुजवल्या, आणि हे शहाणे पैसे घेऊन भोक पाडून जातात!"

गेलिंदो हसता हसता खुर्चीवरून घसरून खाली बसला.

मोजा बाहेर, खिडक्या बंद, दोन्ही विस्तव चालू. नीवेसनं यंत्र उचलून एकेका जोडाला लावलं, कोपऱ्याला तर दोनदा. माझ्या चुलीलाही लावलं. यंत्र गप्प राहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "जिंकलात."

आम्ही जेवायला बसलो. पोलेंटा, चीज, सॉसेज, सगळं तिच्या आवडीचं. तिचा काटा ताटात नुसता फिरत होता. मग खाली मान घालूनच म्हणाली, "मी आतली खोली रंगवून घेतली होती. पिवळी. बाबाला आवडते म्हणून."

दोन वर्षांपूर्वी जावई घर सोडून गेला, तेव्हापासून ती पाचव्या मजल्यावर एकटीच आहे. आम्ही इथं आपलं घर वाचवत बसलो होतो, आणि ही तिकडं भिंती रंगवत होती. मला माझीच लाज वाटली.

ओनोरिनोनं घसा खाकरला. "नीवेस, या गोळ्यांची पोती केवढी जड असतात, माहितीय? पंधरा-पंधरा किलोची. माझ्या खुब्यात लोखंड आहे."

"गेलिंदोकाका आहे ना."

"तो? तो म्हातारा झाला."

"मी म्हातारा?" गेलिंदो उसळला. "अरे, मी तुला पोत्यासकट..."

मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.

"दर शनिवारी कुणीतरी खालून पोती आणायला हवीत," ओनोरिनो ताटाशी बोलत राहिला. "आणि राहायला लागेल. रात्री घाटात बर्फ असतो."

नीवेसनं वर बघितलं. "दर शनिवारी?"

"हिवाळाभर. नाहीतर आम्ही गारठून मरू."

तिनं ताट पुढं केलं, अजून पोलेंटा वाढ म्हणून. मी वाढला. अख्ख्या हिवाळ्याची पोती तळघरात छतापर्यंत रचलेली होती. उठता उठता मी तळघराच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली.