काचेची पट्टी

घराच्या भिंतीला तडा गेला की घरमालकाच्या तोंडचं पाणी पळतं आणि मिस्त्रींना बोलावणं जातं. मिस्त्री येतात, तड्यावरून बोट फिरवतात, पिशवीतून काचेची पातळ पट्टी काढतात आणि ती तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करतात. भिंत हलत असेल तर काच तडकेल, मग तोडफोड करू. नाहीतर तो तडा भिंतीबरोबर सुखानं म्हातारा होईल. काचेला कुणी हात लावायचा नाही, एवढं बजावून ते निघतात. मालक मागून हमखास विचारतात, तोवर आम्ही काय करायचं? मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. राहायचं. घर आहे ना?

त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी जेव्हा सांगितलं, की तुमच्या प्रोस्टेटच्या गाठीत कॅन्सर आहे, पण अगदी लहान आणि आळशी जातीचा, तेव्हा पुढचं मिस्त्रींना चटकन कळलं. ऑपरेशन केलं तर लघवीवरचा ताबा जाण्याची भीती, नवरा-बायकोच्या नात्यातही अडचण. त्यापेक्षा दर सहा महिन्यांनी रक्तातला प्रोस्टेटचा आकडा तपासू, आत्ता तो पाच आहे, अधूनमधून स्कॅन करू, पुन्हा एखादा तुकडा काढून बघू. वाढायला लागला तर उपचार आहेतच. मिस्त्री म्हणाले, म्हणजे काच लावायची. आणि झालं.

बायकोला मात्र ते पटेना. कॅन्सर अंगात ठेवून घेणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता. काढून टाका आणि मोकळे व्हा, हे तिचं म्हणणं. तिनं आठवडाभर अबोला धरला. मग एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली, मनात होतं नव्हतं ते सगळं विचारून आली आणि म्हणाली, ठीक आहे, लावा तुमची काच.

गंमत अशी, की त्यानंतर ती शांत झाली आणि मिस्त्रींचीच झोप उडाली. दुसऱ्याच्या भिंतीवर काच लावणं सोपं असतं, हे त्यांना साठी उलटल्यावर कळत होतं. शेवटी तीन महिनेही धड झाले नसतील, तर एका सकाळी ते कुणाला न सांगता सायकल काढून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये गेले आणि रक्त देऊन आले. आकडा आला पाचाचा सात.

ते घरी आले ते पांढरेफटक पडून. कपाटावरची बॅग खाली काढली आणि बायकोला म्हणाले, कपडे भर, उद्याच कापून टाकू. बायकोनं आधी त्यांना पाणी दिलं, मग बॅग पुन्हा कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तो कागद पाहिला आणि लॅबला कसे गेलात, असं विचारलं. बायकोनंच सांगितलं, की सायकलवर, आणि त्या सायकलची सीट म्हणजे नुसता दगड. सायकलनं आकडा वाढू शकतो, बाई म्हणाल्या, शिवाय लॅब वेगळी. एका आकड्यावर काही ठरवायचं नसतं. दीड महिन्यानं नेहमीच्या लॅबमध्ये परत तपासू. आधीचे दोन दिवस सायकल बंद.

तो दीड महिना मिस्त्रींनी कसा काढला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मध्येच एकदा पाव आणतो म्हणून ते लगबगीनं खाली उतरले, तर सायकलच्या दोन्ही चाकांत हवा नाही. पंप शोधायला वर आले. बायको दारातच पंप घेऊन उभी होती, आणि तो द्यायचं काही चिन्ह दिसेना.

"पाव कोपऱ्यावर मिळतो," ती म्हणाली. "चालत जा."

मिस्त्री पायरीवर मटकन बसले. "मला भीती वाटते गं. फार भीती वाटते."

तीही शेजारी बसली. "मलाही वाटते. रोज वाटते. पण अहो, काचेला हात लावायचा नाही."

उभ्या आयुष्यात लोकांना सुनावलेलं वाक्य असं परत आलं, आणि मिस्त्रींना हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दीड महिन्यानंतर आकडा पुन्हा पाचावर आला. काच शाबूत होती. डॉक्टरीणबाईंनी पुढची तारीख दिली, सहा महिन्यांनंतरची, आणि दोघं बाहेर पडली. रस्त्यावर दुकानं उघडत होती. चालता चालता मिस्त्रींनी विचारलं,

"एवढे सहा महिने. तोवर काय करायचं?"

बायकोनं त्यांच्या हातातली रिपोर्टची पिशवी काढून आपल्या हातात घेतली.

"राहायचं," ती म्हणाली.