फ्रीडानं नाक लावलं नाही तेव्हा

पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसं होतं. फ्रीडा गाय पाण्याला आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि नाक पुढे केलंच नाही. नुसती बघत राहिली. माझ्या तर पाइपात धस्स झालं!

मी कुरणातली हापशी बोलतेय. हॅनोव्हरच्या उत्तरेला रेताड माळावर असते मी. मला दांडा नाही. पुढे घोटभर पाण्याचं वाडगं, त्यात एक झुलती लोखंडी पाटी. गाईनं ती नाकानं ढकलली की जमिनीखालचं पाणी वर येतं. अकरा वर्षं बारा गाई अशाच प्यायल्या, कुणाची तक्रार नाही.

२००३चा उन्हाळा मात्र भयंकर. गवताचा पापड झाला, ओढा आटला, पाण्याला उरले मी एकटी. आणि नेमके तेव्हाच मालक, हेर ब्रान्डेस, उरलाउबवर, म्हणजे सुट्टीवर, गेले. सुट्टीभर गाई बघायला ठेवली मुक्ताला. ती सांगोल्याची, हॅनोव्हरला शिकायला आलेली.

"फक्त बघायचं. हात लावायचा नाही," मालकांनी बजावलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मुक्ता म्हणाली, आणि पहिल्याच दुपारी फ्रीडाला पाटी ढकलताना बघून कळवळली. "अगं बाई! एवढ्या उन्हात आपलं पाणी आपणच हापसायचं? सरक, मी देते. घे गं अजून थोडं, माझ्यासाठी!" म्हणत स्वतःच हातानं पाटी ढकलायला लागली.

गाईला आग्रह! मी चरकले, पण सांगणार कशी?

आठवड्यात बाराही जणी पाहुण्यांसारख्या ताटकळायला लागल्या. नाक कोणीच लावेना. आणि आज मुक्ताची तोंडी परीक्षा! बस अर्ध्या तासात, परत यायला संध्याकाळ. तोवर या उन्हात गाई कोरड्या राहणार. तिनं मालकांना तीनदा फोन लावला. उरलाउब म्हणजे उरलाउब, कोण उचलतंय! शेवटी रडत आईला लावला. मालिनीबाईंचा आवाज एवढा खणखणीत, की मलाही ऐकू आला.

"आठ वर्षांची घोडी झालीस तरी मी तुला भरवत होते. सवय कशी सुटली? मी चार दिवस माहेरी गेले तेव्हा! तू आधी त्यांच्यासमोरून हल."

मुक्ता बर्चच्या झाडामागे लपली. पदर नव्हता, म्हणून ओढणीनंच तोंड झाकलं. गाई हंबरल्या. मला घाम फुटायचा बाकी होता. बायांनो, या ना गं!

वारा आला, पाटी हलली. तेवढीच माझी हाक.

"कुईं."

कोणी हललं नाही.

"कुईंऽऽ."

फ्रीडानं झाडाकडे एकदा रागानं पाहिलं, फुरफुरली, आणि तिचं खरखरीत नाक माझ्या पाटीला टेकलं.