मुका मार

"पप्पा, टेम्पो आला!" विनिता ओरडली.

जतीनने मागे पाहिलं. आलाच होता मेला! डहाणू ते बोर्डी शर्यतीत मागे पडणाऱ्यांना उचलून नेणारा टेम्पो. गेल्या वर्षी, २०१७ साली, त्याने या बापलेकींना चिखल्याजवळच उचललं होतं. नंतर कितीतरी दिवस विनिता बापाशी धड बोलली नव्हती. पोरगी सोळा वर्षांची. पाय जन्मापासून निकामी, पण जीभ दोन माणसांची. यंदाही शर्यतीत दोघांचं नाव तिनेच घातलं होतं.

घोलवडच्या पुढे रस्ता उखडलेला, नुसती खडी. लेकीची चाकाची खुर्ची ढकलणारे जतीनचे पाय सवयीने मंदावले. आगरला त्याची चिकूची वाडी. हातगाडीत पेंढा घालायचा, खड्डा दिसला की हळू घ्यायचं. मुका मार बसलेलं फळ बाजारात कोण घेतो? विनिताच्या खुर्चीतही त्याने पेंढ्याची उशी ठेवली होती.

"पप्पा, पळ ना!"

"अगं, हाडं खिळखिळी होतील तुझी. मम्मी मला घरात घेणार नाय."

"मी काय चिकू आहे? लागलं तर लागलं! यंदा टेम्पोत चढवलंस ना, तर कधीच बोलणार नाय तुझ्याशी."

जतीनला हसू आलं, पण लगेच ओसरलं. इतकी वर्षं आपण पोरीला पेंढ्यातच ठेवलं की काय?

टेम्पोवाला शेजारी आला. "काका, बसा आता. खूप झालं."

"तूच बस!" म्हणत जतीनने धूम ठोकली.

खुर्ची खडखडली, उडाली, उशी कुठल्या कुठे पडली. विनिता किंचाळत होती. त्याने घाबरून वाकून पाहिलं, तर बया खदखदून हसत होती.

"थांबू नको रे!"

बोर्डीला शर्यत संपण्याची कमान अजून उभी होती. तिच्याखालून आधी दोघं गेली, मग टेम्पो. जतीनने रस्त्यातच फतकल मारली. सुटलो रे देवा! त्याला रडू आवरेना.

संध्याकाळी घरी त्याच्या बायकोने, रतनने, लेकीचा हात पाहिला आणि ती किंचाळलीच. "अहो, हे काय करून आणलंत? कोपर काळंनिळं पडलंय!"

जतीनने चहाचा कप तोंडाला लावला.

"मुका मार आहे, मम्मी," विनिता ऐटीत म्हणाली. "पळताना लागला."

शर्यतीचं मेडल खुंटीवर होतं. शेजारची धाकली ते बघायला आली, तेव्हा विनिताने आधी बाही वर केली.