गोधडीतला डोंगर

आमच्या आजीनं शिवलेली एक गोधडी होती. तिचं एक टोक करंजीच्या घाटात वाळत घातलं, तर दुसरं पाथर्डीच्या बाजारात पोचायचं, आणि उन्हाळ्यात भाजीवाल्या बाया तिच्या सावलीत दुकान मांडायच्या. विश्वास बसत नसेल तर पाथर्डीला जाऊन बघा. गोधडी आता नाही, पण भाजीवाल्या बाया आहेत.

ही गोष्ट पारावर सांगितली की आसाराम म्हणायचा, "नाना, गोधडी जरा आखूड करा की." आणि घरी सांगितली की विजयमाला, म्हणजे आमची मंडळी, सुईवरची नजर न उचलता नुसतं "हं" म्हणायची. गोष्टीला हुंकारा लागतो, बैलगाडीला वंगण लागतं तसा. लग्न झाल्यापासून तिनं माझी एकही गोष्ट खरी मानली नाही आणि एकाही गोष्टीचा हुंकारा चुकवला नाही.

ती गोधडी शिवायची ती कडेपासून. कडेनं धावदोरा घालत चौकोन आत आत आणायचा आणि शेवटचा टाका बरोबर मधोमध. दुपारची ती गोधडीवर बसून इंचाइंचानं आत सरकायची, मी उंबऱ्यात बसून थापा मारायचो. एक टाका, हं. एक टाका, हं. गोधडी संपेपर्यंत गोष्ट संपवायची नाही, एवढंच माझं काम.

यंदा दिवाळी झाली आणि ती गेली. तशी गेली नव्हे, तोंडं पाडू नका. आमचा कल्याण आणि सून दिपाली दर साली ऊसतोडीला कोल्हापूरकडं जातात. यंदा त्यांची पोर, पंकजा, अंगावर पिती. आई-बाप फडात कोयता चालवणार, तर पोरीला पाचटाच्या झोपडीत, कोपीत, कोण सांभाळणार? म्हणून आजी बरोबर गेली. घरी उरलो मी, एक शेळी, आणि कोपऱ्यात फुलाफुलाचं फडकं पांघरून बसलेलं तिचं शिलाईचं मशीन. त्यावर ती झंपर शिवायची, दुसऱ्यांचे न् स्वतःचे. गोधडीला मात्र मशीन कधी लावलं नाही.

सुरुवातीला मी शेळीला गोष्टी सांगून पाहिल्या. गोष्ट ऐन रंगात आली की शेळी उठून जाते.

दुपारी पोर झोपली की विजयमालेचा फोन यायचा. थंडी पडायला लागली तशी एक दिवस म्हणाली, "हितं नदीचा वारा पाचटातनं आत येतो वो. एक गोधडी पोरीखाली घातली, एक पोरीवर. मी पहाटंची लुगडं गुंडाळून बसती."

"माझी पाठवून देतो."

"खबरदार! तुमची छाती घरघरायला लागली म्हंजे? हाय तशी परत धाडीन."

धाडली असती. मी तिला ओळखतो. मला एकदम काही सुचेना आणि सुचेना म्हटलं की माझ्या तोंडातून गोष्टच बाहेर पडते. "अगं, काळजी कशाला करती? नवी शिवलीय की मी! तुझ्याच मशीनवर. अशी ऊबदार की काल कोंबडी येऊन वर बसली, उठायला तयार न्हाई."

इथं हं यायला पाहिजे होतं. आलं नाही. पलीकडून नुसता वारा ऐकू आला.

"मग पाठवा," ती म्हणाली. "बिभीषण मुकादम गावाकडं आलाय. नाताळाच्या आदल्या दिशी माघारी निघनार हाय. त्याच्या जीपमधी द्या."

आजवर माझी गोष्ट कुणी घरपोच मागितली नव्हती.

शिलाई मशीन कोळून प्यालेलं आमच्या गावात एकच माणूस, चर्चजवळची मरियाबाई. गेलो. दाराच्या चौकटीपासून खिडकीपर्यंत फ्रॉक टांगलेले, ती मधे बसून मशीन हाणत होती.

"मरियाबाई, एक गोधडी लावून द्या मशीनवर. अडलंय."

"नाताळ तोंडावर आलाय नाना, मला नाक पुसायला वेळ न्हाई. आन् तुमी शिवलीय की म्हनं! कोंबडी बसती म्हनं वर!"

"तुमाला कुनी सांगितलं?"

"विजयमालाबाईचा फोन आल्ता. म्हनली, नाना तुमच्याकडं येतील. त्यास्नी शिवून देऊ नगा. शिकवा."

एवढ्या लांबून बाईनं माझ्या पायात पाय घातला!

मरियाबाईनं मला पहिल्यांदा दोरा दिलाच नाही. जुना पेपर दिला आणि म्हणाली, छापलेल्या ओळीवरनं नुसती सुई चालवा. मी घरी येऊन मशीनवरचं फडकं काढलं, बसलो. पायडल म्हणजे काय, बैल हाकल्यासारखं हाकलं की झालं, असं मला वाटलं. चाक उलटं फिरलं. सुलटं फिरवायला गेलो तर एवढं पळालं की पेपरातलं जिल्ह्याचं अर्धं बातमीपत्र सुईखालून चाळणी होऊन बाहेर आलं. मशीनसुद्धा उंबऱ्यापर्यंत चालत गेलं. शेळी साक्षीला आहे.

मग मरियाबाई एका संध्याकाळी येऊन बघून गेली. "कापड वढायचं न्हाई नाना. दोन्ही हात सुईच्या दोन बाजूला ठिवा आन् त्याला नुसती वाट दावा. सासुरवाडीला आलेल्या जावयावानी, आपआपलं चालतंय." जाड सुई बसवून दिली, टाका लांब करून दिला आणि जाता जाता म्हणाली, "आन् गोधडी मधनं सुरू करा. दोन्हीकडनं सुरळी करायची, मधली रेघ आधी, मग भाईर भाईर."

मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई फ्रॉक शिवणारी. गोधडी कडेपासून सुरू होते हे मी जन्मभर डोळ्यांनी पाहिलंय.

वरखाली विजयमालेची दोन जुनी लुगडी. आत माझी धोतरं, कल्याणचे विटलेले सदरे. पसरून हात दाबला तर नदीच्या वाऱ्याला पुरेल असं वाटेना. मी घरभर फिरलो. खुंटीवर माझा फेटा होता, लग्नाकार्याला, जत्रेला बांधायचा, केशरी. तो सोडला, घडी घालून बरोबर मधे पसरला आणि वरचं लुगडं ओढून घेतलं. कच्चे टाके घालून सगळं टाचलं.

दुसऱ्या दिवशी एका लग्नाला निघालो, तर पारावर आसारामनं विचारलं, "नाना, लग्नाला निघालाव आन् बोडकंच? फेटा कुठंय?"

"घारीनं नेला. तिची पिलं गारठली होती."

"मग तुमालाच का न्हाई नेलं?"

"विचारलं होतं तिनं. मी म्हनलं, घरी शेळी एकटी हाय."

सगळे हसले. पारावर हुंकारा कुणी देत नाही, हसतात. हसणं वेगळं.

शिवायला बसलो. पहिला चौकोन कडेनं, दुसरा त्याच्या आत. टाका बरा पडत होता. पण गोधडी म्हणजे फ्रॉक नव्हे. सुईखाली टीचभर असते, बाकी सगळी म्हैस खाली लोंबते आणि आपल्या वजनानं कापड ओढून घेते. ओळ वाकडी होते, सुई वाकते. बाज ओढून मशीनला लावली, तिच्यावर गोधडी टाकली, तरी घसरायची. एक टोक शेळीच्या पाठीवर ठेवून पाहिलं. शेळीनं लुगड्याच्या काठाची चव घेतली. सुई मोडली.

मी नवी सुई मागायला गेलो, तशी मरियाबाई म्हणाली, "पलीकडनं धरायला एक मानूस लागतं नाना. एकट्याचं काम न्हाई ते."

"मानूस असतं तर गोधडी कशाला शिवली असती, बाई?"

तिनं सुई दिली.

मशीन चालवताना मी गोष्टी सांगायचो, सवयीनं. एक चोर आमची गोधडी चोरायला आला होता. आधी बघू तर ऊबदार आहे का, म्हणून आडवा झाला, तो पोळ्याला उठला आणि लाजेनं आमच्याकडंच सालानं राहिला. ही गोष्ट विजयमालेच्या आवडीची. मशीन खटखट, खटखट, खटखट. त्याला थांबून ऐकणं माहीत नाही. ते माझ्या गोष्टीच्याही पुढं पळायचं. मी पाय थांबवून कोपऱ्याकडं बघायचो, आणि खोली एवढी शांत व्हायची की पुन्हा पायडल मारावंसं वाटायचं.

चौकोन आत आत येत गेले तशी मधे गोधडी फुगायला लागली. आधी पुरी, मग टोपली. विजयमाला हातानं शिवताना दर टाक्याला तळहातानं कापड बाहेर सारायची, ते मी जन्मभर पाहिलं होतं आणि कधी बघितलं नव्हतं. मशीन सारत नाही, पुढं ढकलतं. सगळी ढिलाई ढकलत ढकलत मी मधोमध आणून उभी केली होती.

जीप निघायच्या आदल्या दिवशी मरियाबाई आली, बघितलं आणि दारातच हसत बसली. "अवो, ही गोधडी हाय का गर्भगिरीचा डोंगर? सांगितलं हुतं ना मधनं सुरू करा म्हनून?"

"तिची गोधडी कडंपासनंच असती."

"ती हातानं शिवती नाना. आता उसवा सगळं."

उसवायला घेतलं. जुनं लुगडं, दोऱ्याबरोबर फाटायला लागलं. मग हात आवरला. मधे हातभर जागा तशीच राहिली, बिनशिवणीची, फुगलेली.

दुसऱ्या दिवशी गोधडीची वळकटी जीपमध्ये ठेवताना बिभीषण मुकादमानं दाबून पाहिली. "नाना, आत मांजर हाय का काय?"

"उशी हाय. गोधडीतच उशी. नवी पद्धत."

जीप धूळ उडवत गेली. नाताळाच्या दिवशी मरियाबाईनं करंज्या पाठवल्या. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अंगावर घेऊन बघितली असेल आणि डोंगर बघून सुतळीनं बांधून परत जीपमध्ये टाकली असेल, असं मनात येत राहिलं. पारावरही गेलो नाही.

मग तिसऱ्या दिवशी दुपारी वाजला.

"आली," विजयमाला म्हणाली.

"कशी हाय?"

"ऊब लागती. कडंचे टाके सरळ हायेत. एक ओळ वाकडीतिकडी झालीय."

"तितं शेळी आडवी आल्ती."

"हं."

मी उठलो आणि मशीनवरचं फडकं नीट केलं. ते नीटच होतं.

"अवो, हायेत का?"

"हाय, हाय. बोल."

"मधी काय कोंबलंय ते कळंना. मी उसवून बघितलं. फेटा हाय."

"तिथं आला व्हय तो! घारीनं नेला होता."

"घारीनं?"

"लई मोठी गोष्ट हाय ती."

ती म्हणाली, "सांगा मग. फेटा पसरून मधली जागा मी हातानं घालती. पोर निजलीय. आन् गप बसून मला शिवायला येत न्हाई, तुमाला म्हाईत हाय."

मी उंबऱ्यात जाऊन बसलो, माझ्या जागेवर. फोन कानाला, तोंड खोलीकडं. घार कशी आली, तिची पिलं कशी थरथरत होती, फेटा घेऊन ती गोदावरी ओलांडताना फेट्याचा पदर पाण्यात कसा भिजला आणि पैठणच्या बाजूचे लोक तो पिळून कसे प्याले, सगळं सांगितलं. एक टाका, हं. एक टाका, हं. सुईचा आवाज फोनमधून येत नाही. पण दोन हुंकाऱ्यांच्या मधलं अंतर मला ठाऊक आहे, ते एका टाक्याएवढंच असतं.

हातभर जागा. विजयमालेचा हात मी ओळखतो, तिचं ते एका दुपारचं काम. संक्रांत गेली. रोज दुपारी फोन येतो आणि मी विचारतो, "झाली का गोधडी?"

"कुठं वो! दोराच सरला."

परवा सुई बोथट झाली. काल म्हणाली, "काय सांगू तुमाला, सगळी घालून झाली हुती. रात्री उंदरानं येऊन टाका न् टाका उसवला. पुन्हा पहिल्यापासनं घालाय लागतंय."

उंदरानं! टाका न् टाका उसवला, फेट्याला दात न लावता!

साखर कारखाना बंद व्हायचा तो होळी झाल्यावर. माणसं गावात यायची ती त्यानंतर. जन्म थापा मारण्यात गेला माझा, दुसऱ्याची थाप मला लांबून कळते. मी फोन कानाला घट्ट धरला आणि म्हणालो, "हं."