काशीला निघताना

‘काशीस जावे, नित्य वदावे’ म्हणतात. धायरीच्या रंगरावांनी नुसतं वदण्यात दहा वर्षं काढली आणि सेवानिवृत्त झाल्याबरोबर विमानाची दोन तिकिटं काढली. त्या रविवारी पंख्याखाली बसून ते बेत ऐकवत होते. आधी काशी, तिथून मोटारीने प्रयागला वेणीदान, पुन्हा काशी, गंगास्नान, विश्वनाथाचं दर्शन. परत आलं की गंगापूजन आणि साऱ्या सोसायटीला जेवण. शेजारी त्यांची बायको दीपमालाबाई मान डोलवत होत्या. त्यांची धाकटी जाऊ ललिता आत प्रवासाच्या लाडवांसाठी बेसन भाजत होती. यात्रा यांची, घाम तिचा. घराघरांतली रीतच आहे ती.

ललिताच्या नवऱ्याने, शंभूने, लग्न झाल्या वर्षीच तिला काशी कबूल केली होती. काशी राहिली आणि काविळीने तोच गेला. आज तिला राहवलं नाही. हात पुसत ती बाहेर आली.

“भाऊजी, मीही येऊ का? माझं तिकीट मी काढीन. ह्यांनी मला कबूल केली होती काशी.”

रंगराव वर्तमानपत्रात शिरले. अवघड प्रश्न आला की ते तिथेच शिरत.

“अगं, वेणीदान सुवासिनींचं असतं,” दीपमालाबाई म्हणाल्या. “तू तिथे जाऊन काय करणार? आणि कुंड्यांना पाणी कोण घालणार?”

“गंगेचा गडू आणतोच आहोत की. तुला घरबसल्या गंगा मिळेल,” वर्तमानपत्रामागून आवाज आला.

“आणि हो,” दीपमालाबाई भाजीत मीठ घालायला सांगावं तितक्या सहज म्हणाल्या, “आम्ही निघू तेव्हा तेवढं मागच्या खोलीत बस हं. देवाचं काम आहे.”

ही मागची खोली ललिताला नवी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक आयुष पहिल्या नोकरीसाठी बंगळुरूला निघाला, तेव्हाही तिला तिथेच बसवलं होतं. ‘पोराच्या पहिल्या पगाराला आडवी येतेस का?’ असं विचारल्यावर कुठल्या आईची हिंमत होईल? तिच्या लेकाच्या हातावर दही घातलं दीपमालाबाईंनी. ललिताने फक्त गाडीचं दार लागल्याचा आवाज ऐकला. अहो, आडव्या गेलेल्या मांजरालाही लोक हुसकावतात आणि विसरून जातात, हिला मात्र जन्मभराचं मांजर करून ठेवलं!

तेव्हा ती रडली होती. या वेळी डोळ्यांत टिपूस आला नाही. आला तो संताप, पायापासून डोक्यापर्यंत. तिने लाडू वळले, डबा भरला आणि दुपारी गच्चीवर जाऊन आयुषला फोन लावला.

निघायचा दिवस उजाडला. फाटकाशी गाडी लागली. हिरवी साडी, गजरा, ठसठशीत कुंकू अशा थाटात दीपमालाबाई बाहेर पडल्या आणि पायरीवरच थबकल्या. फाटकाशेजारी जास्वंदीखाली ललिता उभी होती. परीटघडीची साडी, मोकळं कपाळ.

“अगं बाई! चला हो, आत चला आधी!”

असं कोणी समोर आलं, की परत फिरायचं, पाणी प्यायचं, जरा टेकायचं आणि मग निघायचं, ही या घरची रीत. दोघं आत गेली, पाणी प्यायली, टेकली, बाहेर आली. ललिता तिथेच. पुन्हा आत, पुन्हा पाणी, पुन्हा बाहेर. ललिता तिथेच, हसतमुख.

“काका, आटपा की! सिंहगड रोडला लई ट्रॅफिक हाय,” ड्रायव्हर ओरडला. “इमान काय थांबनार न्हाय तुमच्यासाठी!”

“ललिता, मुकाट्याने आत जा!” रंगराव गरजले.

“का भाऊजी? मी वाट कुठे अडवलीय? फाटक सताड उघडं आहे. या की.”

“सूड उगवतेस?”

“हो. सूडच उगवतेय!” तिचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला. “माझ्या लेकराचं जाणारं तोंड तुम्ही मला बघू दिलं नाहीत. तुमची रीत मी निमूट पाळली, आता तुम्ही पाळा. माझं कपाळ तुमच्या विश्वनाथापेक्षा भारी असेल, तर बसा पाणी पीत. नसेल, तर या माझ्यासमोरून.”

रंगरावांनी एक पाऊल टाकलं. खरं सांगायचं तर त्यांना जायचं होतं. पण दीपमालाबाईंनी त्यांची बाही धरली. “नको हो. काशीला निघताना नको.”

“मग विमानात काय कराल, वहिनी?” ललिताने जास्वंदीमागून आपली पिशवी उचलली. “आयुषने माझं तिकीट काढलंय. तुमच्याच रांगेत, तुमच्या शेजारी. बंगळुरूहून तोही काशीला पोहोचतोय.”

दीपमालाबाई मटकन पायरीवर बसल्या. तेवढ्यात त्यांची मुलगी चैताली दह्याची वाटी घेऊन बाहेर आली. आईबापांसाठी विरजलेलं दही ते.

“काकू, हात पुढे कर.”

“चैताली!” आई किंचाळली.

“आई, आयुष गेला तेव्हा मी गप्प बसले होते. आज नाही बसणार.” तिने ललिताच्या तळहातावर दही घातलं आणि वाकून नमस्कार केला. तिथे मात्र ललिताला रडू फुटलं. दही चाटून तिने डोळे पुसले आणि ती कोपऱ्यावर सांगून ठेवलेल्या रिक्षात बसली. जाताना लाडवांचा डबा घ्यायला विसरली नाही.

विमान वेळेवर सुटलं. ललिताच्या शेजारच्या दोन खुर्च्या काशीपर्यंत रिकाम्या होत्या. एकीवर तिने पिशवी ठेवली, दुसरीवर डबा, आणि लाडू खात ती खिडकीतून ढग बघत बसली. इकडे धायरीत कुंड्यांना पाणी रंगरावांनी घातलं.

वाचकहो, तुमच्याही घरातून कोणीतरी लवकरच देवाला निघेल. पिशव्या भरा, दही विरजा. पण उंबरा ओलांडण्याआधी मागच्या खोलीत कोणाला बसवलंय, ते एकदा दार उघडून बघा.